खोली, किल्ली आणि काळी चार

भाड्याच्या खोलीसाठी चौघा मित्रांतले दोघं बायकांची सोंगं घेतात, तो 'अशी ही बनवाबनवी' चित्रपट संगीत नाटक म्हणून करायचा, असं आमच्या मंडळाच्या बैठकीत ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त खूश झाले ते काम न करणारे सभासद. त्यांना नुसतं बघायचं होतं. लिहायचं माझ्या गळ्यात आलं. एकांकिका स्पर्धांसाठी मी पूर्वी थोडंफार लिहिलेलं, आणि चालीवर शब्द बसवायला तयार असणारं मंडळात दुसरं कोणी नव्हतं.

हा चित्रपट का, तर बडोद्यातली आमची तरुण मंडळी. निम्मी गुजराती माध्यमात शिकलेली, उरलेली इंग्रजी. घरात मराठी फाडफाड बोलतात, पण देवनागरीत लिहिलेलं जोडाक्षर आलं की गाडी अडते. एकाने आपली वाक्यं गुजराती लिपीत उतरवून घेतली, दुसरीने मोबाईलवर इंग्रजी अक्षरांत. अशा पोरांकडून जड संगीत नाटक करून घ्यायचं म्हणजे उच्चारांतच मोसम संपायचा. 'बनवाबनवी' मात्र सगळ्यांना तोंडपाठ. चित्रपट 1988 चा, म्हणजे यातल्या बहुतेकांच्या जन्माआधीचा, तरी कुठल्याही वाक्याचं शेपूट सांगा, पुढचं वाक्य चौघं मिळून म्हणतात.

आमचे दिग्दर्शक, ज्यांना सगळं मंडळ काका म्हणतं, त्यांनी पहिल्या वाचनाला चित्रपटातले प्रसंग आहेत तसे वाचायला लावले. हशा पुष्कळ झाला. पण प्रत्येक जण अशोक सराफ नाहीतर लक्ष्मीकांत बेर्डे होत होता. एकाने मान तिरकी केली की बाकीचे वाक्याच्या आधीच हसत होते. काका शांतपणे म्हणाले, "हे हसू आपलं नाही. ते त्यांचं आहे, आपण फक्त वसूल करतोय. परक्या माणसाचं हसू दोन अंक पुरत नाही."

चित्रपटातला विनोद बराचसा चेहऱ्यावर असतो. कॅमेरा जवळ जातो, डोळे गरगरतात, एवढ्यावर हशा येतो. सभागृहात पंधराव्या रांगेतल्या आजींना डोळे दिसत नाहीत, फक्त साडी दिसते. शिवाय चित्रपट एका क्षणात दुकानातून खोलीत जातो. आम्हाला एकच घर उभं करायला परवडणार होतं. मग कॅमेरा जे काम करतो ते आमच्याकडे कोण करणार? गाणं, असं उत्तर पहिल्याच दिवशी सगळ्यांनी दिलं. पण कुठलं गाणं आणि कुठे, याचं उत्तर मिळायला फार वेळ लागला.

चित्रपटातली गाणी घ्यायचा मोह होताच. परवानगीचं काम मंडळाच्या कार्यवाहांनी अंगावर घेतलं आणि लेखी होकार येईपर्यंत कागदाला हात लावणार नाही, असं मी सांगून ठेवलं. हौशी मंडळांत एक समज पक्का असतो की तिकीट लावलं नाही की सगळं माफ. हौशी संस्थेच्या बिनतिकीट प्रयोगाला कायद्यात सूट आहे खरी, पण ती असलेलं नाटक करण्यापुरती. एका कलाकृतीचं दुसऱ्या रूपात रूपांतर करणं हा वेगळा हक्क आहे, आणि गाण्यांचे हक्क तर आणखी वेगळे. म्हणून गाण्यांच्या वाटेला आम्ही गेलोच नाही. सगळी नवी करायची ठरली, आणि माझ्या मते तिथेच आमचं नाटक वाचलं. जुनं गाणं सुरू झालं की प्रेक्षक मनातल्या मनात चित्रपट बघायला लागतो, समोरचा नट दिसेनासा होतो.

कोणीतरी कुरकुर केली की चित्रपटाचं नाटक कोण करतं! म्हणून जरा मागे जाऊन बघितलं. 'बनवाबनवी'चं मूळ हृषीकेश मुखर्जींच्या 1966 सालच्या 'बीवी और मकान'मध्ये आहे. त्याला हेमंतकुमारांचं संगीत होतं, आणि त्याची कथा बंगालीतल्या शैलेश डे यांची. म्हणजे बंगालीतून हिंदीत, हिंदीतून मराठीत असं हे कथानक आधीच तीन घरं फिरून आलेलं. भाडेकरूच्या गोष्टीला शोभतं. तिकडे अमेरिकेत ब्रॉडवेवर बायकी वेशातल्या दोन वादकांच्या 'सम लाइक इट हॉट' या 1959 च्या चित्रपटाचं 'शुगर' नावाने 1972 मध्ये संगीत नाटक झालं. मेल ब्रूक्सचा 1967 चा 'द प्रोड्यूसर्स' 2001 मध्ये रंगमंचावर आला आणि त्याने 12 टोनी पुरस्कार नेले. आमच्या पेटीवाल्या मुलीने हे सगळं मोबाईलवर दाखवलं. काकांनी बघितलं, मान डोलावली, आणि म्हणाले, "तिकडे कशाला जाता? देवलांकडे जा."

नाटककार गो. ब. देवलांचं उदाहरण खरंच आमच्यासाठी केल्यासारखं आहे. मोलिएरचा फ्रेंच फार्स, त्यावरून आर्थर मर्फीचं इंग्रजी नाटक, आणि त्यावरून 1893 च्या सुमाराचं देवलांचं गद्य 'फाल्गुनराव'. तेच नाटक पदं घालून 1916 मध्ये गंधर्व नाटक मंडळीने 'संशयकल्लोळ' म्हणून रंगभूमीवर आणलं. गद्य फार्सचं संगीत नाटक करायचा रस्ता शंभर वर्षांपूर्वीच कोणीतरी घालून दिलेला. मी दोन्ही अंगांनी ते वाचत बसले. गाजलेली पदं अश्विनशेठ आणि रेवती या प्रेमिकांच्या वाट्याची, आणि फाल्गुनरावाचा संशय रंगतो तो बोलण्यात. देवलांनी गाणं प्रेमाला दिलं आणि गोंधळ गद्याला. आम्ही नेमकं उलट केलं. प्रेम बोलायचं, थाप गायची. कारण आमच्याकडे प्रेमिकांची गाणी पेलतील असे दोन गळेच नव्हते. अडचणीतून निघालेला हा निर्णय पुढे तत्त्व म्हणून सांगायला फार सोयीचा ठरला, ती गोष्ट वेगळी.

चित्रपटात चौघा मित्रांच्या चार जोड्या आहेत. आम्ही दोन ठेवल्या. यावरून एका ज्येष्ठ सभासदांनी अबोला धरला. त्यावर अधिक लिहीत नाही.

पुण्याची गोष्ट बडोद्यात आणावी का, यावर मात्र खरा वाद झाला. माझं म्हणणं, आणावी. बाहेरगावाहून सयाजीराव विद्यापीठात शिकायला येणाऱ्या मुलांना आजही "फक्त फॅमिलीला" हे उत्तर ऐकावं लागतं. दांडिया बाजारातला जुना वाडा, वर एक रिकामी खोली, खाली घरमालकीण, एवढं नेपथ्य पुरतं. पण काळ आजचा चालणार नव्हता. आज घरमालक पहिल्या भेटीत आधार कार्ड मागतो, भाडेकरार करतो, पोलीस ठाण्यात भाडेकरूची नोंद करतो. पार्वतीबाईंचं, म्हणजे साडी नेसून बायको झालेल्या मित्राचं, आधार कार्ड आणणार कुठून? फार्सला कागदपत्रं सोसत नाहीत. म्हणून साल 1988 च ठेवलं, महिना ऑक्टोबर. त्याचा आणखी एक फायदा झाला. 2 ऑक्टोबर 1988 ला दूरदर्शनवर 'महाभारत' सुरू झालं होतं. रविवारी सकाळी अख्खा वाडा टीव्हीपुढे, म्हणजे वेश बदलायला घर मोकळं. आणि त्याच महिन्यात नवरात्र.

नवरात्र आलं आणि नाटक उलगडलं. बडोद्यातल्या मराठी घरात नवरात्राला दोन वर्तुळं असतात. संध्याकाळी पाटावर हत्ती काढून त्याभोवती भोंडला, आणि रात्री गरबा. भोंडल्यात पुरुषांचं काम नाही. घरमालकीण नव्या भाडेकरणीला भोंडल्याला बोलावणारच, आणि "मला गाणी येत नाहीत" म्हणायची सोय नाही, कारण कुठल्या मराठी बाईला भोंडल्याचं एकही गाणं येत नाही? शिवाय शेवटी खिरापत ओळखायची. झाकलेल्या डब्यात काय आहे, याचा अंदाज बायका बांधताहेत आणि पदराखाली काय झाकलंय ते कोणालाच कळत नाहीये. हा प्रसंग मी एका बैठकीत लिहिला, फारसा खोडलाही नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे भोंडल्याच्या गाण्यांनी आम्हाला घाट दिला. कारल्याचा वेल लावायचं गाणं आठवा. सुनेने माहेरी जाऊ का विचारायचं, सासूने एक काम सांगायचं, ते झालं की पुन्हा विचारायचं, सासूने पुढचं सांगायचं. वेल वाढतो, फूल येतं, कारलं लागतं, भाजी होते, आणि सून तिथल्या तिथे. आमची घरमालकीण आणि भाडेकरू यांचं नातं अगदी हेच नाही का? मी लिहिलं:

खोली हवी तर बायको दाखव, मग देते किल्ली
बायको आणली काकूबाई, द्या ना आता किल्ली
बायकोचा आवाज ऐकव मेल्या, मग देते किल्ली
आवाज ऐकवला काकूबाई, द्या ना आता किल्ली
बायकोची आई भेटव मेल्या, मग देते किल्ली

यात कथानक आपोआप पुढे सरकतं. प्रत्येक कडव्याला एक नवी थाप, प्रत्येक थापेसाठी एक नवं माणूस वेशात. चित्रपटातले पाच-सहा प्रसंग या एका गाण्यात बसले.

चाल लावली पेटीवाल्या मुलीने. बडोद्याच्या संगीत महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेली, म्हणजे 1886 साली सयाजीराव महाराजांनी गायक मौलाबक्षांकडून जी गायनशाळा सुरू करवली तिच्याच वंशातली म्हणायची. ती म्हणाली, "मावशी, थाप वाढते ना? मग सूरही वाढू दे." प्रत्येक कडवं आधीच्यापेक्षा एक स्वर वरून उचलायचं. पहिली थाप षड्जावर, म्हणजे 'सा'वर, आरामात. दुसरी रिषभावर ('रे'), तिसरी गंधारावर ('ग'). 'बायकोची आई'पर्यंत पोचेतो खोली मागणारा बिचारा धनंजय शिरा ताणून गातोय. खोटं निभावणं कठीण होतंय हे सांगायला मग नटाला चेहरे करावे लागत नाहीत, त्याचा गळाच सांगतो. पंधराव्या रांगेला कानांनी कळतं. तबलजीने आधी हात वर केले, कारण त्याला वाटलं दर कडव्याला पट्टी बदलणार. तबला एका सुरात लावलेला, तो मध्येच ठोकत कोण बसणार! पण षड्ज हलवायचाच नव्हता, फक्त चालीची सुरुवात वर सरकवायची होती. तेवढं समजल्यावर तो निवांत झाला.

पार्वतीच्या आवाजाचा प्रश्न याहून नाजूक होता. काकांनी सुरुवातीलाच एक नियम घातला होता. "पुरुषाने साडी नेसली, एवढ्यासाठी हशा घ्यायचा नाही. निदान बडोद्यात नाही." गंधर्व नाटक मंडळीला ज्या संस्थानाने आश्रय दिला, ते हे शहर. बालगंधर्वांची नुसती तसबीर दिसली तरी इथली जुनी माणसं अजून हात जोडतात. पुरुषाने साकारलेली स्त्री ही इथे कलेची गोष्ट होती, टिंगलीची नव्हे. म्हणून पार्वती करणाऱ्या मुलाला, जो दिवसा सीएच्या कार्यालयात आर्टिकलशिप करतो, मंडळातल्या एका मावशींकडे धाडलं. त्यांनी त्याला बसणं, उठणं, पदर सावरणं, घागर कमरेवर घेणं, सगळं मन लावून शिकवलं. छाती पुढे काढून कंबर उडवायची त्याची सवय त्यांनी अशी मोडली की पुढे आम्हालाच काळजी वाटायला लागली, विनोद उरणार तरी कुठे?

तो उरला आवाजात. बायका साधारण काळी चार-पाचला गातात, म्हणजे पेटीची चौथी-पाचवी काळी पट्टी षड्ज धरून, आणि आमचा मुलगा काळी एकचा. भोंडल्यात त्याला काळी चारमध्ये, खोट्या आवाजात गावं लागणार. आणि घाबरला की आवाज कोसळून काळी एकवर येणार. आता गंमत बघा. काळी एकचा पंचम, म्हणजे 'प', हाच काळी चारचा षड्ज. त्यामुळे तो कोसळला तरी बेसूर होत नाही, नुसता खोल जातो. तबला काळी चारला लावला की दोघांचं भागतं, एकाला तो षड्ज आणि दुसऱ्याला पंचम. बायका टिपेला "ऐलमा पैलमा" म्हणताहेत आणि त्यांच्या खालून विहिरीतून आल्यासारखा, पण अगदी सुरेल, पुरुषी आवाज येतोय. घरमालकीण म्हणते, "अगो, घसा बसलाय का तुझा?" एवढंच वाक्य. रंगीत तालमीत पेटीवालीलाच इतकं हसू आलं की तिचा भाता थांबला.

भोंडल्यातून गरबा काढायची कल्पना मुलांची. आम्ही भोंडल्याचं गाणं सहा मात्रांत बसवलं होतं आणि गरब्याचा हींच हा तालही सहा मात्रांचाच. पाटाभोवतीचं वर्तुळ तेच, तबलजी बोल बदलतो, टाळ्यांची जागा बदलते, लय वाढते, आणि बघता बघता वाड्यातल्या गुजराती शेजारणी त्यात शिरतात. नऊवारीतल्या पार्वतीला गरबा इतका मस्त येतो की ती स्वतःला विसरते. आम्ही हे ठरवून लिहिलं नव्हतं. बडोद्याच्या पोराला गरबा सुरू झाल्यावर अंग आवरताच येत नाही, म्हणून काकांनी त्याचाच उपयोग केला. खऱ्या नवरात्रात मात्र तालीम पार बंद. त्या नऊ रात्री या शहरात कुणाला कसल्याही कामाला बोलवू नये.

कपडे बदलायच्या वेळेचं गणित गाण्याच्या लांबीवर बेतावं लागलं. मंगळ बाजारातून घेतलेल्या लुगड्याची शिवलेली नऊवारी करून घेतली, पोलक्याला पाठीमागे चिकटपट्टी, गजरा टोपालाच शिवलेला, आणि पँट आतच गुडघ्यापर्यंत दुमडलेली. विंगेत दोन मुली तयार. तरीही पहिल्या तालमींत कडवं संपायचं आणि पार्वती अर्धीच असायची. शेवटी मी कडवं न वाढवता काकूबाईंना एक उखाणा दिला. लांबवता येईल तितका लांबवायचा. काकूबाई करणाऱ्या ताई इतक्या तयारीच्या की विंगेकडे तिरका डोळा ठेवून त्या उखाण्यात रोज नव्या वस्तू घालायच्या: सुरसागर, न्यायमंदिर, खंडेराव मार्केटातली वांगी. तो उखाणा प्रयोगात कुठल्याही गाण्यापेक्षा जास्त टाळ्या घेऊन गेला. याचा मला, लेखिका म्हणून, किंचित राग आहे.

प्रयोगाला सभागृह भरलं होतं. पहिली दहा-बारा मिनिटं प्रेक्षक चित्रपटातलं वाक्य येईल म्हणून वाट बघत होते. चित्रपटात गाजलेला सत्तर रुपयांचा विषय येताच मागून कोणीतरी पुढचं वाक्य मोठ्याने म्हटलंच. आमच्या धनंजयने थांबून, त्या दिशेला नमस्कार करून, भलतंच वाक्य घेतलं. ते ठरलेलं होतं. त्यानंतर मागची मंडळी गप्प बसली. किल्लीच्या गाण्याचं तिसरं कडवं वरून उचललं तेव्हा सभागृहाला युक्ती कळली. चौथ्याला लोक गळ्यावर हात ठेवून हसायला लागले. पाचव्याला धनंजयचा आवाज खरंच चिरकला आणि तो ठरलेला नव्हता. पेटीवालीने तो स्वर सोडून दिला, त्याला खाली ओढलं नाही. त्या क्षणाला जो हशा आला तो कुठल्याच चित्रपटाच्या आठवणीचा नव्हता, एवढं मी छातीठोकपणे सांगेन.

सगळंच जमलं असं नाही. दुसऱ्या अंकात सगळी सोंगं उघडी पडतात तिथे चित्रपटाला पाठलाग करता येतो. आम्हाला दोन दारं आणि एक जिना यांत भागवावं लागलं, आणि ते भागलं नाही. गाणं थांबल्यावर फार्स एकदम गद्य होतो, हेही तिथे दिसलं. शेवटासाठी मी सर्वांचं एक समूहगीत लिहिलं होतं. ते चांगलं होतं, पण त्या जागी नको होतं. पुढच्या प्रयोगात काढणार आहोत.

पुढच्या प्रयोगाचा घोळ निराळाच आहे. पार्वती करणारा मुलगा नोकरीला अहमदाबादला गेला. त्याच्या जागी गाणारा मुलगा मिळेना म्हणून काकांनी एक मुलगी उभी केलीय. ती मुलगा होणार, आणि त्या मुलाने बाई व्हायचं. तिचा स्वतःचा गळा काळी चारचा. म्हणजे आता भोंडल्यात ती अगदी निवांत गाणार आणि पँट-शर्टात असताना काळी एकला खर्ज लावताना तिचा श्वास संपणार. सोंग कोणतं आणि खरं कोणतं हे उलटलं. भोंडल्याचा सगळा विनोद मला पुरुषी प्रवेशांत हलवावा लागतोय. किल्लीच्या गाण्यात धनंजयच्या जोडीने तीही एक कडवं गाते, आणि स्वर वर चढला की तिला त्रास व्हायच्या ऐवजी बरंच वाटतं. पेटीवाली म्हणते, मावशी, मग तिचं कडवं उतरतं करू, दर ओळीला एक स्वर खाली. पण उतरत्या चालीत 'काकूबाई' हा शब्द बसत नाही, खाली गेला की 'बाई' ऐकूच येत नाही. सध्या मी 'आत्याबाई', 'मालकीणबाई' घालून बघतेय. काकांना दोन्ही पसंत नाहीत.